झाकलेलं नाव

रविवारी सकाळी यमुनाबाईंनी पुढच्या खोलीचा पडदा दोन बोटं सरकवला. बोर्ड अजून जागेवरच होता. त्यांना वाईट वाटलं.

देवाला नमस्कार करायच्या आधी बोर्डाचं तोंड बघायचं, अशी पाळी या वयात आपल्यावर यावी याचा त्यांना रागही होता. गेटशेजारी खांबाला ठोकलेला तो बोर्ड रस्त्याच्या टोकापासून दिसे. वर पक्षाचं नाव, खाली तीन उमेदवारांची नावं: पेणकर, रणदिवे, वॉलेस. मधलं नाव त्यांच्या धाकट्या सुनेचं, मधुमतीचं. लंडनमधल्या हाउन्सलोच्या या वॉर्डातून कौन्सिलवर तिघे निवडून जायचे होते, प्रत्येक मतदाराला तीन मतं होती, म्हणून पक्षाने तिघांना एका दावणीला बांधलं होतं. मतदान गुरुवारी होतं. गुरुवार उजाडायच्या आत काहीतरी वाईट होणार, हे यमुनाबाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं.

या घराला एक नियम होता आणि तो त्यांनीच घातलेला होता. पुढून काही दिसता कामा नये. दारावर नावाची पाटी नाही. रांगोळी मागच्या दारी, जिथे कचऱ्याचे बिन्स ठेवतात तिथे. दिवाळीचा आकाशकंदील मागच्या खोलीत, तोही पडदा ओढून. तेरा वर्षांपूर्वी, पहिल्या घराच्या दारावर पितळी अक्षरांत रणदिवे असं लिहिलेलं होतं आणि उंबऱ्यावर रांगोळी असे. एका संध्याकाळी कुणीतरी दारातल्या पत्रांच्या फटीतून पेटती चिंधी आत टाकली. मधुमतीची शिल्पा तेव्हा सहा वर्षांची, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. यमुनाबाईंनी हातातलं आमटीचं पातेलं होतं तसं त्या आगीवर ओतलं. कार्पेटला कित्येक दिवस चिंचगुळाचा वास येत होता. पुढे घर बदललं, पण दाराच्या फटीखाली पाण्याने भरलेला पत्र्याचा ट्रे ठेवायचं काही सुटलं नाही. बिलं ओली होत, पाहुणे त्यात पाय घालत, पण ट्रे हलवायचं कुणाच्या मनात येत नसे.

आणि अशा घरासमोर आता दोन हात रुंद बोर्ड.

"आजी, तू परत बघते?" शिल्पा जिना उतरत म्हणाली. ती साउथहॅम्प्टनला युनिव्हर्सिटीत होती, आईच्या प्रचारासाठी आठवडाभर घरी आली होती. "बोर्ड कुठे जाणार नाही. ती तिथेच असते."

"ती नाही गं, तो. आणि गेला असता तर बरं झालं असतं."

"आजी! दॅट्स हॉरिबल."

फोन वाजला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. शिल्पाने रिसीव्हर उचलला, दोनदा हॅलो म्हणाली आणि ठेवून दिला.

"राँग नंबर," ती म्हणाली. या आठवड्यात राँग नंबर फार वाढले होते, आणि ते सगळे काही न बोलता नुसता श्वास घेत.

नाश्त्याच्या वेळेला थोरला मुलगा विनय मिल्टन कीन्सहून येऊन पोचला. ट्रे ओलांडून, बूट काढता काढताच त्याने जाहीर केलं, "मी आईला घेऊन जातोय. शुक्रवारी परत आणून सोडतो. घरी नंदाने खोली तयार ठेवलीय."

मधुमती दारात येऊन उभी राहिली. साडीवर कार्डिगन, कार्डिगनवर पक्षाचा फितीचा बिल्ला. दुपारी सभा होती. "आईंना विचारलंत का, भाऊजी?"

"तिनेच मला फोन केला."

मधुमतीने सासूकडे पाहिलं. यमुनाबाई पोहे निवडू लागल्या. पोहे पाकिटातले होते, निवडायला त्यात काही नव्हतं.

"मला सांगायचं तरी, आई."

"तुला सांगून काय? तू ऐकतेस?" यमुनाबाई म्हणाल्या. "मला तुझ्याबद्दल काही वाकडं नाही, मधू. त्या सल्ला केंद्रात तू लोकांची कामं करतेस, गुजराती बाया, पंजाबी बाया दुकानात माझे हात धरून तुझं नाव काढतात. मला बरं वाटतं. पण नाव बाहेर टांगायची काय गरज? कामं होतातच की नावाशिवाय."

"नाहीत होत. कौन्सिलच्या खुर्चीत बसलेला माणूस नाही म्हणतो तेव्हा नाही होत."

"मग निवडणूक लढव," विनय म्हणाला. "कोण नको म्हणतंय? फक्त घरासमोरचा बोर्ड काढ. उमेदवाराने स्वतःच्या दारात बोर्ड लावलाच पाहिजे असा या देशात कायदा आहे का?"

"माझ्याच दारात नसेल तर दुसऱ्यांच्या बागेत कुठल्या तोंडाने लावू?"

"एक्झॅक्टली," शिल्पा म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"व्हाय नॉट? माझा पण घर आहे हा."

"शशी," विनय धाकट्या भावाकडे वळला, "तू बोल बाबा काहीतरी."

शशिकांत टोस्टला लोणी लावत होता. बराच वेळ त्या एकाच टोस्टला लावत होता. "मी काय बोलणार? तिने ठरवलंय," तो म्हणाला.

मधुमतीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने टोस्ट खाली ठेवला. सगळं घर एका बाजूला गेलं तरी माझा नवरा माझ्या बाजूला आहे, असं त्या नजरेत लिहिलेलं होतं.

तेवढ्यात गिडियन पेणकर आले. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात काम करणारे, मूळचे माझगावचे, बेने इस्राएली म्हणजे मराठी ज्यू, आणि या वॉर्डात अस्सल मराठीत शिवी देऊ शकणारे रणदिव्यांच्या बाहेरचे एकमेव गृहस्थ. तिघांतले आणखी एक उमेदवार. तिसरी ब्रेंडा वॉलेस सभेच्या मैदानावर मायक्रोफोन लावून घेत होती. एरवी गिडियन आल्या आल्या यमुनाबाईंकडे चहा मागत. आज उभेच राहिले.

"मधुताई, एक गडबड झालीय. रेल्वे लाइनच्या पलीकडच्या रस्त्यांवर आपले जेवढे बोर्ड आहेत ना, त्या सगळ्यांवर तुमचं नाव झाकलंय. वर पांढरी टेप चिकटवलीय, अगदी मापात. माझं आणि ब्रेंडाचं नाव तसंच आहे."

"रेसिस्ट्स," शिल्पा म्हणाली.

"मग पेणकर कसं सोडलं त्यांनी?" विनयने शांतपणे विचारलं. "ते काय इंग्लिश नाव आहे? आणि ही माणसं बोर्ड फोडतात, पेटवतात. मापात टेप कोण लावत बसेल? विरोधकांनी एक जागा घेतली, तर तिघांत ज्याला कमी मतं पडतील त्याची जाणार. मग हिचं नाव झाकून फायदा कुणाचा?"

गिडियननी मधुमतीकडे पाहिलं, ती दिराला काहीतरी म्हणेल म्हणून. ती काही म्हणाली नाही.

आणि शशिकांतही काही बोलला नाही.

बोलायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम होतं. टेप मीच लावली, एवढंच.

मित्राची व्हॅन मागून आणून वॉर्डभर बोर्ड त्यानेच ठोकले होते आणि ठोकताना त्याला अभिमान वाटला होता, हेही खरं होतं. बायकोचं नाव सरळ दिसावं म्हणून तो रस्त्यापलीकडे जाऊन, मान वाकडी करून बघून यायचा. पण सोमवारी मधुमती घरात नसताना फोन आला आणि तो त्याने घेतला. एका पुरुषाने अगदी सभ्य आवाजात विचारलं, "तुमच्या मिसेस दिवसा घरी असतात, की तुम्ही दोघंही कामावर जाता?" शशिकांतने फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत जमिनीवर बसला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं तर आई आजारी पडेल, विनयला सांगितलं तर तो बोर्डच उपटेल, आणि मधूला सांगितलं तर ती म्हणेल, बघा, म्हणूनच उभं राहायला पाहिजे.

हीथ्रो विमानतळावर कार्गो शेडमध्ये तो काम करी, तिथे त्याच्या हाताशी रुंद पांढऱ्या टेपची रिळं असत. लाइनच्या पलीकडे मधुमती प्रचाराला जात नसे, तो भाग ब्रेंडाचा होता. असा सभ्य आवाज तिकडचाच असणार, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. नाव जितक्या कमी लोकांना दिसेल तितके कमी लोक ही बाई राहते कुठे म्हणून विचारतील. आणि शंभरेक मतं कमी पडून ती हरली, तर फारच उत्तम. ती आठ दिवस रडेल, मग सगळं पहिल्यासारखं होईल. बायको हरावी म्हणून तो रोज देवापुढे हात जोडत होता, आणि त्याच हातांनी तिच्या सभेचे बोर्ड व्हॅनमध्ये चढवत होता.

सभा हाय स्ट्रीटमागच्या मैदानावर होती. विमानं इतकी खालून जात की दर थोड्या वेळाने वक्त्याला तोंड उघडं ठेवून थांबावं लागे. ब्रेंडा पोल टॅक्सवर, सरकारच्या नव्या माणशी करावर बोलत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. मंचामागे तिघांच्या नावांचं मोठं कापडी बॅनर वाऱ्यावर फुगत होतं. मधुमतीला वाटलं, गर्दीतल्या सगळ्या नजरा त्या मधल्या नावावरच आहेत. तिलाही भीती वाटत होती. घरात ती एकटीच न घाबरणारी, असं सगळ्यांनी मिळून ठरवल्यामुळे तिची भीती ठेवायला घरात जागा उरली नव्हती.

मंचाच्या मागे तिने गिडियनना गाठलं. "मला खरं सांगा. तुमच्या माणसांपैकी कुणी केलं का?"

"माझी माणसं?" गिडियन म्हणाले. "माझी माणसं म्हणजे बायको रिवका आणि तिचा गुडघा. लाइनच्या अलीकडे आपण तिघं एकत्र दारं ठोठावत फिरलो, मधुताई. कुत्री अंगावर आली तेव्हा तुम्ही माझ्या मागे लपलात आणि मी ब्रेंडाच्या."

"मला कमी मतं पडली तर तुमची जागा पक्की होते."

"होते," ते म्हणाले. "नाव झाकायची अक्कल मला असती तर आधी माझंच झाकलं असतं. गिडियन पेणकर. दोन्हीकडून मार खाणारं नाव आहे ते. तुम्हाला तुमच्याच लोकांत लपता येतं, मला तर तेही नाही. बत्तीस दाती हसून दारोदार हिंडतो म्हणून मला भीती वाटत नाही असं समजू नका."

मधुमती काही बोलणार तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या कोपराला हात लावला. मिसेस प्रॉक्टर, लाइनच्या पलीकडच्या, सत्तरीच्या बाई, पक्षाच्या जुन्या मतदार. त्यांच्या बागेत बोर्ड होता.

"तुझ्या नवऱ्याचं मला कौतुक करायचं होतं," त्या म्हणाल्या. "परवा भर पावसात आला होता. म्हणाला, छपाईत चूक झालीय, नवीन येईपर्यंत झाकून ठेवतो. मी चहाला बोलावलं तर दारात बूट काढून मोज्यांवर आत आला. इतका सभ्य माणूस! नवीन कधी येणार गं? तशी ती पांढरी पट्टी बरी दिसत नाही."

मधुमतीला मैदान, बॅनर, गर्दी, सगळं क्षणभर दूर गेल्यासारखं झालं. बूट काढून. या अख्ख्या वॉर्डात दुसऱ्याच्या घरात बूट काढून शिरणारा बोर्डवाला एकच होता.

"लवकरच," ती म्हणाली. "थँक यू, मिसेस प्रॉक्टर."

म्हातारी गेल्यावर ती गिडियनकडे वळली, पण तिला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. "मी चुकले. मी तुम्हाला काय काय बोलले."

"तुमच्या भाऊजींनी सुरुवात केली होती, तुम्ही फक्त शेवट केलात," गिडियन म्हणाले. त्यांना लागलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे माझ्याकडून बाहेर जाणार नाही. आणि शशिकांतना आज फाडून खाऊ नका. भ्यालेला माणूस आहे तो."

ब्रेंडाने मायक्रोफोनवरून तिचं नाव पुकारलं. मधुमती वर चढली. पाठ केलेलं भाषण तिने म्हटलं, लोकांना तिघांनाही मत द्यायला सांगितलं, एकाला दोघांना देऊन थांबू नका म्हणाली, आणि एक विमान डोक्यावरून जाईपर्यंत थांबली. तेवढ्या वेळात तिला गर्दीच्या मागे व्हॅनला टेकलेला शशिकांत दिसला. सगळे मंचाकडे बघत होते. तो एकटा गर्दीकडे बघत होता, एकेका माणसाच्या हातांकडे.

सभा संपल्यावर विनय यमुनाबाईंना घेऊन गेला. जाताना मैदानापाशी गाडी थांबवून त्या व्हॅनपर्यंत आल्या, सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मी पळून चाललेय असं समज. मला चालेल." शिल्पा ब्रेंडाबरोबर खुर्च्या आवरायला थांबली. व्हॅनमध्ये दोघंच उरली.

"टेप अजून आहे का मागे?" मधुमतीने विचारलं.

शशिकांतने किल्ली फिरवली नाही. "कुणी सांगितलं?"

"मिसेस प्रॉक्टरने. तुमचं कौतुक करत होती."

"मला वाटत होतं तू पडावीस," तो म्हणाला. "आताही वाटतं. खोटं नाही बोलत. त्या माणसाने फोनवर विचारलं, तुमच्या मिसेस दिवसा घरी असतात का. त्या दिवसापासून मी कामावर उभ्या उभ्या घरचा फोन लावतो, तू उचललास की ठेवून देतो."

"ते फोन तुमचे होते?"

"काही माझे."

"अहो, तुमच्या त्या फोननेच मी अर्धमेली झालेय!" ती ओरडली. "मला वाटायचं तोच आहे. माझ्याशीही बोललाय तो. हेच विचारलं त्याने, तुमचे मिस्टर कधी येतात म्हणून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत?"

मग शशिकांत हळूच म्हणाला, "मला एवढंच पाहिजे होतं की त्यांना आपलं घर कळू नये. आपल्या बोर्डला मी हात लावू शकत नव्हतो, तू बघितलं असतंस. पण आपल्या गल्लीत तिकडची माणसं येत नाहीत. तिकडे नाव दिसलं नाही, तर पत्ता कोण शोधणार?"

मधुमतीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि जे आलं त्याने तो जास्त घाबरला. "व्हॅन लायब्ररीकडे घ्या," ती म्हणाली.

"आज रविवार आहे. बंद असेल."

"आत नाही जायचंय."

लायब्ररीच्या बाहेर भिंतीवर काचेची पेटी होती. तिच्यात कौन्सिलची मतदानाची नोटीस लावलेली होती. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार, आडनावांच्या क्रमाने. शशिकांतने खिशातून चष्मा काढून घातला. पेणकर, गिडियन. पुढे घर नंबर, रस्ता. त्याच्याखाली रणदिवे, मधुमती. पुढे घर नंबर, रस्ता. पोस्टमनला लागतो तसा पूर्ण पत्ता.

"हे कधीपासून आहे?"

"उमेदवारी मंजूर झाल्यापासून. हेच गुरुवारी मतपत्रिकेवर असणार, नावाशेजारी. वॉर्डातल्या प्रत्येक माणसाच्या हातात. लाइनच्या अलीकडे आणि पलीकडे. तुम्ही इतकी वर्षं मतं दिलीत, कधी वाचलं नाहीत?"

त्याने कधी वाचलं नव्हतं. पक्षाचं नाव शोधायचं, फुली मारायची, बाहेर पडायचं. त्याला पावसात भिजलेले सगळे बोर्ड आठवले, ओलं लाकूड बाहीने पुसून लावलेली टेप, मिसेस प्रॉक्टरला सांगितलेलं खोटं. त्या सगळ्याचा काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"फॉर्मवर मीच लिहिला पत्ता. तुम्हाला आणि आईंना न विचारता. लिहिताना दोनदा खाडाखोड केली, एक फॉर्म वाया गेला. सांगितलं असतं तर तुम्ही मला उभं राहू दिलं नसतं."

"नसतं दिलं."

"म्हणून नाही सांगितलं. मीही तुमच्यापासून झाकलंच की."

मागे पावलं वाजली. एक मध्यमवयीन गोरा माणूस कुत्रा घेऊन येत होता. तो काचेच्या पेटीसमोर, त्यांच्या अगदी शेजारी थांबला आणि सावकाश, नावांवर बोट फिरवत यादी वाचू लागला. बोट मध्यावर येऊन थांबलं. त्याने मधुमतीच्या साडीकडे पाहिलं, मग पुन्हा काचेकडे.

"हे म्हणजे ते कोपऱ्यावरचं घर, नाही का?" त्याने विचारलं.

आवाज सभ्य होता. इथे सगळेच आवाज सभ्य असतात. हाच तो, की हा नुसताच शेजारच्या रस्त्यावरचा कुत्रा फिरवणारा माणूस, हे शशिकांतला काही केल्या ठरवता येईना. तो मधुमतीच्या पुढे सरकला.

"हो," मधुमती त्याच्या खांद्यामागून म्हणाली. "तेच."

माणसाने मान हलवली, कुत्र्याची दोरी ओढली आणि चालू लागला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत दोघं त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मधुमतीने नवऱ्याचा हात शोधला.

"मला फार भीती वाटते हो," ती म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण हे वाक्य तिने त्याला आज पहिल्यांदा ऐकवलं.

"मला पण."

थोड्या वेळाने शशिकांतने व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि आतला टेप खरवडायचा पत्र्याचा स्क्रेपर काढून खिशात घातला. अजून उजेड होता. रस्त्यावर माणसं होती, आणि ती सगळी बघणार होती. तो गाडीत बसला, ती शेजारी बसली.

"पहिल्यांदा कुठे जायचं?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता?" मधुमती म्हणाली. "कुठे कुठे झाकलंय ते तुम्हालाच माहीत."